'पगार' शब्द येतो ना? मग स्पॅनिशचा वर्तमानकाळ मराठीतूनच शिका



निर्यातीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, माझं इंग्रजी कच्चं आहे. मग स्पॅनिश शिकायचा विचार करू की सोडून देऊ?" विचारणारे बहुतेक आपल्याच भागातले. लोहारा, उमरगा, औसा, निलंगा. शिक्षण मराठी शाळेतलं, घरी थोडी शेती, एखादं छोटं दुकान, आणि काहीतरी वेगळं करायची इच्छा. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की आधी इंग्रजी पक्कं करा, मगच दुसरी परदेशी भाषा. म्हणजे दोन क्लास, दोन फी, दोन वर्षं.

मी दुकानदार माणूस आहे, भाषेचा प्राध्यापक नाही. पण बीबीए करताना निर्यातीचा विषय होता, तेव्हापासून स्पॅनिशची आवड लागली आणि थोडी थोडी शिकत राहिलो. त्या जोरावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. स्पॅनिश क्रियापद समजायला इंग्रजीचा रस्ता लांबचा पडतो आणि मराठीचा जवळचा. आज नियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ आपण मराठीतून शिकणार आहोत. लेखाच्या शेवटी १५ दिवसांची एक चाचणी दिली आहे. ती पार होईपर्यंत कुठल्याही क्लासला एक रुपया भरू नका.

स्पॅनिश कशाला?

थोडक्यात सांगतो. स्पॅनिश ही २० देशांची अधिकृत भाषा आहे. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना, ग्वाटेमाला आणि आणखी बरेच. जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्राझीलमध्ये स्पॅनिश चालत नाही, तिथली भाषा पोर्तुगीज.

आपला संबंध काय? बजाजचं नाव घ्या. पुण्यात आकुर्डी-चाकण आणि आपल्या मराठवाड्यात वाळूजला ज्यांचे कारखाने, त्या कंपनीच्या मोटरसायकली कोलंबियात धावतात आणि तीनचाकी पेरू, ग्वाटेमालाच्या रस्त्यांवर प्रवासी वाहतात. पेरूमध्ये तीनचाकीला 'मोतोताक्सी' म्हणतात. आपल्याकडचा माल तिथं पोचतोय. बोलणारी माणसं मात्र कमी आहेत.

पण खोटी आशा लावणार नाही. भाषा आली म्हणून उद्या ऑर्डर येत नाही. माल, दर, कागदपत्रं, पैसे वेळेवर मिळणं, हे सगळं आपल्या जागी आहेच. भाषा हे त्यातलं एक साधन. आणि त्या साधनाची पहिली पायरी म्हणजे क्रियापद.

पगार: रोज तोंडात असलेलं स्पॅनिश क्रियापद

पोर्तुगीज गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत होते. वसईत १७३९ पर्यंत होते, चिमाजी अप्पांनी वसई घेतली तोवर. एवढ्या वर्षांत त्यांचे शब्द मराठीत मुरले. चावी, बटाटा, बादली, घमेलं ही मूळची पोर्तुगीज मंडळी. रायगड जिल्ह्यात कोर्लई नावाचं गाव आहे, तिथल्या ख्रिस्ती वस्तीत तर पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली आजही घरात बोलतात.

याच वाटेनं 'पगार' आला. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. त्यामुळे स्पॅनिशमध्येही शब्द तोच आणि अर्थही तोच: पागार, पैसे देणे. आपण त्याचं नाम केलं, महिन्याला मिळतो तो पगार. तिकडं ते क्रियापद आहे. आणि सुदैवानं वर्तमानकाळात ते अगदी सरळ, नियमानं चालणारं क्रियापद आहे. म्हणून आपला पहिला नमुना हाच.

पद्धत: शेपूट काढा, शेपूट लावा

मराठीत आपण काय करतो ते बघा. मूळ क्रियापद 'विकणे'. त्यातलं 'णे' काढलं की 'विक' उरतं. मग माणसाप्रमाणे शेपूट लागतं. मी विकतो, तू विकतोस, तुम्ही विकता, ते विकतात. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आईच्या मांडीवर आलं.

स्पॅनिशमध्ये तंतोतंत हेच होतं. फरक एवढाच की आपल्याकडे सगळ्या क्रियापदांना 'णे' असतं, तिथं शेपटाचे तीन प्रकार असतात: आर, एर, ईर. म्हणजे तीन घराणी. शब्दकोशात क्रियापद याच रूपात सापडतं.

पागार: पैसे देणे (आर घराणं)
बेन्देर: विकणे (एर घराणं)
आब्रीर: उघडणे (ईर घराणं)

आता इंग्रजीशी तुलना करा. इंग्रजीत 'आय पे, यू पे, वुई पे, दे पे'. फक्त 'ही' आणि 'शी'ला एक 'स' चिकटतो, बाकी सगळीकडे शब्द तोच. म्हणून इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्याला एवढी शेपटं बघून घाम फुटतो. आपल्याला फुटायचं कारण नाही. आपली भाषा रोज हेच काम करते. उमरग्याच्या बाजारात कन्नड बोलणारा माणूसही हेच करतो, कन्नडमध्येसुद्धा माणूस बदलला की क्रियापदाचं टोक बदलतं.

चला, आता तीन तक्ते. वही काढा आणि हातानं लिहा.

तक्ता १: पागार (पैसे देणे)

'आर' काढलं, 'पाग' उरलं.

यो पागो – मी पैसे देतो / देते
तू पागास – तू पैसे देतोस / देतेस
एल पागा – तो देतो. एया पागा – ती देते. उस्तेद पागा – आपण देता (मानाचं)
नोसोत्रोस पागामोस – आम्ही देतो
एयोस पागान – ते देतात. उस्तेदेस पागान – तुम्ही सगळे देता

शेपटं पाठ करा: ओ, आस, आ, आमोस, आन.

तक्ता २: बेन्देर (विकणे)

'एर' काढलं, 'बेन्द' उरलं.

यो बेन्दो – मी विकतो
तू बेन्देस – तू विकतोस
एल, एया, उस्तेद बेन्दे – तो विकतो, ती विकते, आपण विकता
नोसोत्रोस बेन्देमोस – आम्ही विकतो
एयोस, उस्तेदेस बेन्देन – ते विकतात, तुम्ही सगळे विकता

शेपटं: ओ, एस, ए, एमोस, एन. पहिल्या तक्त्यातल्या 'आ'च्या जागी 'ए' आला, बाकी चाल तीच.

तक्ता ३: आब्रीर (उघडणे)

'ईर' काढलं, 'आब्र' उरलं.

यो आब्रो – मी उघडतो
तू आब्रेस – तू उघडतोस
एल, एया, उस्तेद आब्रे – तो उघडतो, ती उघडते, आपण उघडता
नोसोत्रोस आब्रीमोस – आम्ही उघडतो
एयोस, उस्तेदेस आब्रेन – ते उघडतात, तुम्ही सगळे उघडता

नीट बघा. ईर घराण्यानं जवळजवळ सगळी शेपटं एर घराण्याकडून उसनी घेतली आहेत. स्वतःचं फक्त 'आम्ही'चं, ईमोस. म्हणजे तीन तक्ते पाठ करायचे नाहीत. एक तक्ता, एका अक्षराचा बदल, आणि एक अपवाद. झालं.

जे फक्त स्पेनशी व्यवहार करणार त्यांच्यासाठी एक जास्तीचं रूप आहे. मित्रांच्या घोळक्याला उद्देशून 'तुम्ही', म्हणजे 'बोसोत्रोस'. त्याची रूपं पागाइस, बेन्देइस, आब्रीस. लॅटिन अमेरिकेत हे रूप वापरतच नाहीत, तिथं सगळ्यांना 'उस्तेदेस'. म्हणून सुरुवातीला पाचच रूपं घ्या, एका हाताच्या पाच बोटांवर बसतात. अंगठा 'मी', पहिलं बोट 'तू', मधलं 'तो, ती, साहेब', अनामिका 'आम्ही', करंगळी 'ते'.

लक्षात ठेवायच्या खुणा आपल्याच घरात

मराठीत 'तू देतोस'. शेवटी 'स'. स्पॅनिशमध्ये 'तू पागास'. शेवटी 'स'. आणि सर्वनामसुद्धा 'तू'च! उच्चार तोच, अर्थ तोच.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आणखी सोपं. पठसि, पठामः, पठन्ति आठवा. 'तू'साठी सि, 'आम्ही'साठी मः, 'ते'साठी न्ति. स्पॅनिशमध्ये 'तू'साठी स, 'आम्ही'साठी मोस, 'ते'साठी न. हे जुळणं योगायोगाचं नाही. संस्कृत आणि लॅटिन एकाच जुन्या कुळातल्या भाषा आहेत. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात दिलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या क्रियापदांतलं हे साम्य मांडलं होतं.

'मी देतो' आणि 'पागो' यांतला शेवटचा 'ओ' मात्र निव्वळ योगायोग. तरी पाठ करायला उपयोगी पडतो, मग घ्या उपयोग करून.

आणि आपल्या भाषेच्या आधारानं दुसरी भाषा शिकणं यात कमीपणा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. इथली भाषा एवढी शिकला की त्यानं मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यानं कोकणीचं व्याकरणही लिहिलं. ते त्याच्या मागे १६४० मध्ये राशोलला छापलं, आणि त्यातली समजावणी होती पोर्तुगीजमध्ये. शिकणाऱ्याला येणाऱ्या भाषेतून नवी भाषा समजावायची, हेच त्यातलं तत्त्व. आपण तेच उलट्या दिशेनं करतोय.

मराठी माणूस कुठं अडखळतो?

जवळचा रस्ता असला तरी त्यावर खड्डे आहेत. पाच सांगतो.

पहिला, पुरुष-बाईचा भेद. मराठीत 'मी देतो' आणि 'मी देते' वेगळं. स्पॅनिश क्रियापदात हा भेद नाही. दादाही 'पागो' म्हणतात आणि ताईही 'पागो'च म्हणतात. ताईंनो, 'देते'च्या सवयीनं 'पागे' म्हणू नका.

दुसरा, सर्वनाम. मराठीत मी देतो, तो देतो, आम्ही देतो, तिन्हीकडे 'देतो'च. म्हणून आपल्याला 'मी', 'तो', 'आम्ही' बोलावं लागतं. स्पॅनिशमध्ये ही तिन्ही रूपं वेगळी: पागो, पागा, पागामोस. शेपटावरूनच माणूस कळतो, म्हणून सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात. 'यो पागो' चूक नाही, पण त्याचा भाव 'मी देतो, बाकीचे राहू द्या' असा होतो. हॉटेलात बिलावरून ओढाताण होते ना, तेव्हा 'यो पागो' म्हणा.

तिसरा, मान देणं. 'उस्तेद' म्हणजे आदरानं एका माणसाला 'आपण'. पण त्याला रूप लागतं 'तो'चं. हे विचित्र वाटेल, पण आपण दुकानात हेच करतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि आपण विचारतो, "साहेब काय घेणार?", "पाहुण्यांना काय दाखवू?" समोरच्याशी बोलतोय, पण जणू तिसऱ्याबद्दल बोलतोय, मान म्हणून. 'उस्तेद' हा शब्द मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या स्पॅनिश शब्दांचा झिजून झालेला आहे. धंद्यात नवीन माणसाशी 'उस्तेद'नंच सुरुवात करा. 'तू' आपल्यासारखंच आहे, समोरच्यानं जवळीक दाखवली की मग.

चौथा, जोर. पाचांपैकी चार रूपांत जोर मुळावर पडतो: पागो, पागास, पागा, पागान. फक्त 'आम्ही'च्या रूपात तो पुढे सरकतो: पागामोस, बेनदेमोस. मूळ क्रियापदात जोर शेवटी: पागार. जोर चुकला तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ लागतो, काही वेळा अर्थही बदलतो.

पाचवा, उच्चार. इथं उलट आपला फायदा आहे. स्पॅनिश 'त' आणि 'द' आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून होतात. इंग्रजीच्या सवयीनं ट-ड करू नका. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ, सगळे स्वच्छ. बाकी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. इंग्रजी अक्षर 'एच' दिसलं तर ते मुकं समजा. 'व्ही' दिसलं तर 'ब' म्हणा, म्हणूनच मी वर 'बेन्देर' लिहिलंय. 'जे' दिसलं तर घशातून 'ख' काढा.

एका रूपात किती अर्थ?

आपल्याकडे 'विकतो' वेगळं आणि 'विकायलोय' वेगळं. पुण्याकडचे 'विकतोय' म्हणतात. स्पॅनिशमध्ये साधा वर्तमानकाळ दोन्ही कामं करू शकतो. 'लोस प्रेसियोस सुबेन' म्हणजे भाव वाढतात, आणि प्रसंगानुसार भाव वाढायलेत. चालू क्रियेसाठी वेगळं रूपही आहे, पण त्याची आत्ता घाई नको.

उद्याची गोष्टही याच काळात सांगता येते, आपल्यासारखीच. 'पागो मान्याना' म्हणजे 'उद्या देतो'. हे वाक्य ऐकून कुठला दुकानदार हसणार नाही? उधारीची भाषा सगळ्या जगात सारखीच.

नकार तर मराठीपेक्षा सोपा. आपण 'देतो'चं 'देत नाही' करतो, क्रियापदाचं रूप बदलतं. तिथं फक्त पुढे 'नो' लावायचं: पागो, नो पागो. प्रश्नासाठी इंग्रजीसारखं डू-डज काही नाही. वाक्य तेच, आवाज शेवटी वर चढवायचा. लिहिताना मात्र प्रश्नाच्या सुरुवातीलाही एक उलटं प्रश्नचिन्ह घालतात.

दुकानदाराचा शब्दसाठा

शंभर क्रियापदं नकोत. आपल्या कामाची ही पंधरा घ्या, वर्तमानकाळात सगळी नियमानं चालतात.

आर घराणं: पागार (पैसे देणे), कोम्प्रार (विकत घेणे), त्राबाखार (काम करणे), आब्लार (बोलणे), नेसेसितार (गरज असणे), मान्दार (पाठवणे), प्रेगुन्तार (विचारणे), गानार (कमावणे).

एर घराणं: बेन्देर (विकणे), देबेर (देणं लागणे), आप्रेन्देर (शिकणे).

ईर घराणं: आब्रीर (उघडणे), रेसिबीर (मिळणे, स्वीकारणे), एस्क्रिबीर (लिहिणे), सुबीर (वाढणे, चढणे).

'देबेर' खास आपलं क्रियापद आहे. खतावणीतली सगळी येणी-देणी त्यातच बसतात. देबो म्हणजे मी देणं लागतो, देबे म्हणजे तो देणं लागतो, देबेन म्हणजे ते देणं लागतात.

आता एक छोटा संवाद. मोठ्यानं वाचा.

– आ के ओरा आब्रेन? (किती वाजता उघडता?)
– आब्रीमोस आ लास नुएबे. (नऊला उघडतो.)
– बेन्दे उस्तेद आसूकार? (आपण साखर विकता का?)
– सी, बेन्देमोस आरोस ई आसूकार. (हो, आम्ही तांदूळ आणि साखर विकतो.)
– बुएनो, कोम्प्रो दोस किलोस. पागो मान्याना. (बरं, दोन किलो घेतो. उद्या देतो.)
– नो, सेन्योर. उस्तेद या देबे सिएन पेसोस. (नाही साहेब. आपल्याकडे आधीच शंभर पेसो येणं आहे.)

जाता जाता एक गंमत. 'आसूकार' हा शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला, आणि त्याचं मूळ आपल्या 'शर्करा' शब्दात आहे. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं तो विसरायचं कारण नाही.

सगळी क्रियापदं अशी सरळ नसतात

हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे फसवल्यासारखं वाटणार नाही. असणे, जाणे, करणे, जवळ असणे, ही रोजची क्रियापदं स्पॅनिशमध्ये वाकडी चालतात, ती वेगळी पाठ करावी लागतात. आपल्याकडेही 'जाणे'चं 'गेला' होतंच की.

काही क्रियापदं मधल्यामध्ये असतात. 'उघडणे' सरळ आहे, पण 'बंद करणे' म्हणजे 'सेरार' थोडं वाकतं. 'सेरो' व्हायला पाहिजे तिथं 'सिएरो' होतं. पण शेपटाकडे बघा, 'ओ'च आहे. मूळ वाकलं तरी शेपूट बहुतेक ठिकाणी तेच राहतं. म्हणून आजची शेपटं पक्की असतील तर पुढची वाकडी क्रियापदंही निम्मी सोपी जातात. अर्जेंटिनासारख्या काही देशांत 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात आणि रूप थोडं बदलतं, 'बोस पागास', जोर शेवटी. ऐकलं तर गोंधळू नका, एवढंच.

१५ दिवसांची चाचणी

दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी १५ मिनिटं, रात्री गल्ला मोजून झाल्यावर १५ मिनिटं. एवढंच.

दिवस १ ते ४: पागार, कोम्प्रार, त्राबाखार, आब्लार. लहानपणी पाढे म्हणायचो तसे मोठ्यानं म्हणा. मनातल्या मनात नको, तोंडाला वळण लागलं पाहिजे.

दिवस ५ ते ७: बेन्देर, देबेर, आप्रेन्देर.

दिवस ८ आणि ९: आब्रीर, रेसिबीर, एस्क्रिबीर. 'आम्ही'च्या रूपावर विशेष लक्ष.

दिवस १० ते १२: आता क्रम मोडा. क्रमानं म्हणता येणं म्हणजे येणं नव्हे. सात नव्वे किती, हे मधूनच विचारलं की खरा पाढा कळतो. घरातल्या कुणालाही सांगा, "आम्ही, विकणे" असं मधूनच विचार. तुम्ही लगेच "बेन्देमोस" म्हणायचं. विचारणाऱ्याला स्पॅनिश यायची गरज नाही, त्याच्या हातात उत्तरांची वही द्या.

दिवस १३ आणि १४: वरचा संवाद दोन्ही बाजूंनी बोला. मग साखरेच्या जागी दुसरा माल, नऊच्या जागी दुसरी वेळ घाला.

दिवस १५: परीक्षा. मराठीत ३० रूपं कुणाकडून तरी विचारून घ्या. प्रत्येकाला पाच सेकंद. २४ किंवा जास्त बरोबर आली तर तुम्ही पुढे शिकू शकता, पैसे भरायला हरकत नाही. कमी आली तर आणखी आठ दिवस द्या. तरीही वही उघडायचा कंटाळा येत असेल तर फी वाचली असं समजा आणि ते पैसे मालात घाला. हा माझा ठोकताळा आहे, कुठल्या विद्यापीठाचा नाही. पण "३० दिवसांत स्पॅनिश शिका आणि घरबसल्या कमवा" असल्या जाहिरातींपेक्षा तो स्वस्त आहे.

आत्ता इथंच सहा करून बघा. उत्तरं खाली आहेत, आधी हात ठेवून झाका.

१. आम्ही विकत घेतो
२. ते देणं लागतात
३. तू काम करतोस का?
४. मी उघडत नाही
५. आम्हाला माल मिळतो, आम्ही स्वीकारतो
६. साहेब, आपण बोलता

उत्तरं: १. कोम्प्रामोस. २. देबेन. ३. त्राबाखास? ४. नो आब्रो. ५. रेसिबीमोस. ६. उस्तेद आब्ला.

पाचव्याला 'रेसिबेमोस' म्हणालात ना? ईर घराण्याचा तो एकुलता अपवाद. आता विसरणार नाही.

पुढे कुठं?

चाचणी पार झाली की नीट ठिकाणी शिका. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. हैदराबादला इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथंही स्पॅनिशचा विभाग आहे. आपल्या भागातून उमरग्याला महामार्गावर आलात की एका दिशेला पुणे, दुसऱ्या दिशेला हैदराबाद. स्पेन सरकारची सर्व्हांतेस संस्था नवी दिल्लीत आहे. त्यांच्या 'देले' परीक्षेला जगभर मान आहे, आणि तिची पहिली पातळी ए१. क्लास निवडताना एकच प्रश्न विचारा: तुम्ही 'देले' किंवा विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करून घेता का? उत्तर गोलमोल आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. धंद्यात तिचा उपयोग आहेच, सवडीनं शिका. पण इंग्रजी येत नाही म्हणून दुसऱ्या भाषेचं दार आपल्याला बंद आहे, हे डोक्यातून काढून टाका. 'करतो, करतोस, करता, करतात' हे ज्याला बोलता येतं, त्याला 'पागो, पागास, पागा, पागामोस, पागान' येणारच.

आजच वहीचं एक पान घ्या आणि 'पागार'ची पाच रूपं लिहून काउंटरवर चिकटवा. पुढच्या व्हिडिओत वाकडी क्रियापदं घेऊ. तोपर्यंत धंदा सांभाळा, उधारी कमी ठेवा.